बाईसाहेबांचा पाय

आपण काय काम करतो हे लोकांना सांगायचं मास्तरणीनं हल्ली सोडूनच दिलं होतं. "मी जनावरांना शिकवते" म्हटलं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारायचा, सर्कशीत का? नाही, प्राणिसंग्रहालयात, म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. तिथली जनावरं तर नुसती उभी असतात, त्यांना शिकवायचं काय? प्रश्न चुकीचा नव्हता, पण उत्तर लांबलचक होतं. अस्वलाला सुई टोचून घेण्यासाठी पंजा पुढे करायला शिकवायचं, माकडिणीला पोरासकट वजनकाट्यावर बसायला, म्हाताऱ्या सिंहाला जाळीशी येऊन जबडा उघडायला. तेही न मारता, न बांधता, त्याच्या राजीखुशीनं. एवढं सांगून होईपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असायचा, आणि कप खाली ठेवता ठेवता तो म्हणायचा, आमच्या कुत्र्याला जरा सोफ्यावरून उतरायला शिकवा ना.

मास्तरीण हे नाव तिला तिथल्याच माणसांनी दिलं होतं. आधी थट्टेनं, मग सवयीनं. जिराफघरातल्या एकुलत्या एक जिराफ मादीला बाईसाहेब हे नाव मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण गांभीर्यानं मिळालं होतं. दुसरं काही म्हणायची कुणाची छातीच झाली नसती. बाईसाहेब सकाळी उशिरा बाहेर यायच्या, माणसांकडे वरून बघायच्या, आणि आवडीचा पाला नसेल तर मान फिरवून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. त्यांना एकेरीत हाक मारणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

तर या बाईसाहेबांच्या पुढच्या डाव्या पायाचा खूर वाढला होता. नुसता वाढला नव्हता, बाजूला वळला होता, आणि त्या पाय टाकताना सगळा भार खुराच्या एका कडेवर घ्यायच्या. त्यामुळे वरचा सांधा दुखावत चालला होता. पूर्वी त्या मैदानात सकाळी एक चक्कर पळून यायच्या. आता दारापासून झाडापर्यंत लंगडत जायच्या आणि तिथेच थांबायच्या.

घोड्याचा खूर वाढला तर नालबंद येतो, पाय मांडीवर घेतो आणि कापून टाकतो. जिराफाचा पाय कोण मांडीवर घेणार? त्याची एक लाथ बसली तर सिंहसुद्धा पुन्हा उठत नाही. मग उरतो तो दुसरा मार्ग, भूल द्यायची. पण एवढं उंच जनावर भूल देऊन खाली पाडायचं म्हणजे जिवाशी खेळ. पडताना मान कशी पडेल, पडल्यावर रक्ताचा दाब कुठे जाईल, पोटातलं वर येऊन श्वासात अडकेल का, कशाचीच खात्री नसते. डॉक्टरीणबाईंना हे पुस्तकातून सांगायची गरज नव्हती. बाईसाहेबांच्या आईला त्यांनीच भूल दिली होती, अशाच एका साध्या कामासाठी, आणि ती जमिनीवरून उठली नव्हती. डॉक्टरीणबाई त्याबद्दल कधी बोलायच्या नाहीत. जिराफघरात आल्या की त्या एका ठरावीक कोपऱ्यावर पाय न देता वळसा घालून जायच्या, एवढंच.

म्हणून मास्तरणीला सांगितलं गेलं होतं, तुझ्या पद्धतीनं जमतंय का बघ. बाईसाहेब शुद्धीत, उभ्या, आपल्या मर्जीनं पाय देतील आणि नालबंद खूर कापेल, असं काही करता आलं तर कर. नाही जमलं तर भूल द्यावीच लागेल, कारण सांधा एकदा कायमचा गेला की मग जनावराला दयामरण देण्यावाचून इलाज नाही.

आता घरची गोष्ट. मास्तरणीचे बाबा सर्कशीत वाघ खेळवायचे. सर्कशीत जनावरं खेळवायला बंदी आली तसे तेही घरी आले, आणि गुडघे गेल्यावर लेकीकडे राहायला आले. अंगात अजूनही तीच ऐट होती. पेपर वाचायलासुद्धा छाती फुगवून बसायचे. लेक जनावरांत काम करते याचा त्यांना अभिमान होता, पण तो ते आपल्याच खात्यावर जमा करून टाकायचे. अस्वलानं पंजा दिला तर "माझंच रक्त आहे", सिंहानं जबडा उघडला तर "लहानपणी बघितलंय ना माझं." तिच्या पद्धतीवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गाजराच्या चकत्या आणि शिट्टी. बोंबला. जनावराला आधी कळलं पाहिजे की मालक कोण.

जिराफाचं कळल्यावर तर त्यांनी कपाळाला हातच लावला. मास्तरीण त्यांना जेवताना समजावून सांगत होती, की आत एक चिंचोळी वाट केली आहे, दोन्ही बाजूंना गज, खाली पायाच्या जागी एक खिडकी आणि खिडकीत लाकडी ठोकळा. बाईसाहेबांनी आत यायचं आणि ठोकळ्यावर पाय ठेवायचा.

"आणि मागचं दार?" बाबांनी विचारलं.

"उघडं."

बाबा घास तोंडात तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. मग ते हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मास्तरणीनं त्यांच्यापुढे पाणी सरकवलं. दार उघडं ठेवून जनावर शिकवणारं माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, तीच तर माझी अट आहे. त्यांना नको असेल तर त्यांना जाता आलं पाहिजे. जाता येतं हे कळलं तरच त्या थांबतील. बाबा म्हणाले, भाजी छान झालीय.

सुरुवात झकास झाली. लांब काठीच्या टोकाला एक लाल चेंडू, त्याला नाक लावलं की शिट्टी, शिट्टी झाली की गाजर. बाईसाहेबांनी हे प्रकरण एका सकाळीच समजून घेतलं आणि चेंडूमागे डौलात वाटेत येऊन उभ्या राहिल्या. मग ठोकळ्याचा धडा. पाय उचलला की शिट्टी, ठोकळ्याला लागला की शिट्टी, ठोकळ्यावर ठेवला की शिट्टी. मास्तरीण वरच्या फळीवर बादली घेऊन उभी असायची, खाली खिडकीशी नालबंद बसायचा. हा घोड्यांच्या पागेतला माणूस, बोलायला कंजूष. आपलं काम आटपून यायचा आणि कानस हातात धरून नुसता बसून राहायचा, त्यानंही बाईसाहेबांची सवय करून घेतली. आणि या सगळ्यात मधल्या जागेत झाडूवाले काका. ते सबंध वेळ फरशी खरवडायचे, बादल्या आपटायचे, बेसूर गायचे, आणि गाणं संपलं की शहरभरच्या बातम्या मोठ्यानं सांगायचे. कुणी ऐकतंय की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आणि मग मास्तरणीनं अशी चूक केली जी तिच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. खुराला कानस लागली रे लागली की ती शिट्टी वाजवायची. बरोबर वाटतं ना? तिलाही वाटलं. पण शिट्टी म्हणजे "शाबास, काम झालं, गाजर घ्या." बाईसाहेबांनी त्यातून अचूक अर्थ काढला. पाय ठेवायचा, कानस लागू द्यायची, पाय काढायचा, गाजर खायचं. परत पाय ठेवायचा, लागू द्यायची, काढायचा, खायचं. काही दिवसांत त्या इतक्या वेगात हे करायला लागल्या की नालबंदाच्या नाकी नऊ आले. कानस टेकवतोय तोवर पाय गायब, आणि वरून मान खाली घालून बाईसाहेब बादलीत बघताहेत. कोण कुणाला शिकवतंय हा प्रश्न होता. बादली मात्र रिकामी होत होती.

मास्तरणीला रडू यायला लागलं होतं. तिनं आपल्या फोनवर सरावाचा व्हिडिओ काढला आणि घरी जाऊन बघितला, पुनःपुन्हा बघितला, आणि मग तिला तिची स्वतःचीच शिट्टी ऐकू आली. बाईसाहेब काही चुकत नव्हत्या. पाय काढायलाच आपण त्यांना शिकवलं होतं, तेही मन लावून. दुसऱ्या दिवसापासून तिनं कानस लागल्यावर तोंडातली शिट्टी दाबून धरली. पाय हलला, काही नाही. पाय हलला, काही नाही. बाईसाहेबांनी वैतागून फुरफुर केली, एकदा निघूनही गेल्या. परत आल्या तेव्हा विचार करत असल्यासारखा पाय ठोकळ्यावर जरा जास्त राहिला, आणि नेमकी तेव्हा शिट्टी वाजली. स्थिर राहण्याचं गाजर मिळतं हे एकदा ध्यानात आल्यावर मात्र बाईसाहेब अशा उभ्या राहायला लागल्या की नालबंदानं आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन एक वाक्य उच्चारलं. तो म्हणाला, घोडे इतके शहाणे नसतात.

पण या सगळ्यात वेळ गेला होता आणि सांधा थांबायला तयार नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांध्याचा नवा एक्स-रे काढला आणि तो प्राणिसंग्रहालयाच्या संचालकसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी निर्णय दिला. भूल देणारी बाहेरची मंडळी बोलावून ठेवली आहेत, परवा सकाळी ती येतील. त्याआधीचा एक दिवस, उद्याचा, तुमचा. उद्या खूर कापला गेला तर ठीक, नाहीतर परवा भूल.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, उद्या मी येतो. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मास्तरणीला वाटलं, आपली फजिती बघायला. पण नाही म्हणायला तिच्याकडे ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी संचालकसाहेब स्वतः आले होते. माणूस वाईट नव्हता. सरावाला ते कधी आले नव्हते, पण आज त्यांना वाटत होतं की आपल्या हातून काही कमी पडायला नको. म्हणून त्यांनी पहाटेच हुकूम सोडले होते. जिराफघराभोवती कुणी फिरकायचं नाही. आत चकार शब्द नाही. फोन बंद. काकांना त्यांनी झाडू घेऊन पार फाटकापाशी पाठवलं, लोकांना अडवायला. कुणी शिंकलं तरी जनावर बिथरेल असं म्हणून ते स्वतः चवड्यांवर चालत होते.

मास्तरीण फळीवर चढली. खाली नालबंद, त्याच्या मागे डॉक्टरीणबाई, भिंतीला टेकून साहेब. बाबांना मागच्या सरकत्या दाराशी खुर्ची दिली होती, गुडघ्यांमुळे. त्या दारातून बाहेरचं मैदान दिसत होतं. सगळे श्वास रोखून होते.

बाईसाहेब आल्या. चेंडूला नाक लावलं, गाजर घेतलं. ठोकळ्याजवळ पाय नेला. आणि थांबल्या. त्यांचे कान पुढे झाले, मग मागे, मग पुन्हा पुढे. मान ताठ झाली. नालबंदानं खूर कापायची पकड उचललीही नव्हती. बाईसाहेबांनी नाकातून एक दीर्घ आवाज काढला, मागे सरकल्या, वळल्या, आणि लंगडत लंगडत दारातून मैदानात निघून गेल्या.

मास्तरणीनं चेंडू वर धरला, बाईसाहेबांना हाक मारली. त्या झाडापाशी जाऊन उभ्या होत्या आणि जिराफघराकडे टक लावून बघत होत्या. बराच वेळ गेला. शेवटी त्या परत आल्या, दारातून आत मान घातली, दोन पावलं टाकली, ऐकल्यासारखं केलं, आणि पुन्हा बिचकल्या.

तेव्हा साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "आत आहे तोवर दार लावून घ्या."

आणि बाबांचा हात दाराच्या कडीवर गेला. त्यांनी विचार केला नव्हता. जन्मभराची सवय होती ती, हात आपला आपण गेला.

"बाबा, हात काढा," मास्तरीण म्हणाली.

"अगं, आत आहे ती. एवढं ओढलं की झालं. पुन्हा येईल कशावरून?"

"नाही आल्या तर नाही येणार. दार लागलं तर मात्र त्या पुन्हा कधीच पाय देणार नाहीत. मलाही नाही आणि कुणालाच नाही."

साहेब म्हणाले, बाई, उद्या काय होणार आहे माहीत आहे ना तुम्हाला. तिला माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनाही माहीत होतं, त्या त्याच ठरावीक कोपऱ्याकडे बघत होत्या. मास्तरणीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती सांगतेय तसं करा." बाबांनी कडीवरचा हात काढला, आणि बाईसाहेब वळून पुन्हा बाहेर गेल्या.

मास्तरीण मट्कन फळीवरच बसली. संपलं, असं तिला वाटलं. इतकं केलं, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. पकड तीच, माणूस तोच, ठोकळा तोच, गाजरं तीच. मग आज वेगळं काय आहे? ती डोळे मिटून बसली आणि बाईसाहेब काय ऐकत होत्या ते ऐकायचा प्रयत्न करू लागली. काहीच ऐकू येत नव्हतं. अगदी काही म्हणजे काही नाही.

आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जिथे सगळं अचानक चिडीचूप होतं तिथे गवतात काहीतरी दबा धरून बसलेलं असतं, हे चरणाऱ्या जनावराला कुणी शिकवावं लागत नाही. सरावात एकही दिवस असा गेला नव्हता की काकांची बादली आदळली नाही. त्यांच्या बेसूर गाण्यात बाईसाहेब पाय द्यायला शिकल्या होत्या. आज त्याच जागी पाच माणसं श्वास रोखून त्यांच्या पायाकडे बघत होती. हे तिनं ओळखायला हवं होतं. साहेबांचा हुकूम ऐकून तिला उलट बरं वाटलं होतं, म्हणजे तीही त्या चुकीत वाटेकरी होती.

ती उठून उभी राहिली आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बोला. सगळे बोला. आवाज करा."

पण असं बोला म्हटल्यावर कुणाला काय सुचतं? साहेबांनी घसा खाकरला आणि हवा बरी आहे असं काहीतरी पुटपुटले. नालबंद तर जन्माचा मुका. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. काका पार फाटकाशी.

"बाबा, वाघाची गोष्ट सांगा," मास्तरीण म्हणाली.

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. बाबा सांगायला लागले की जावई फोन आल्याचं नाटक करून गॅलरीत जायचा. पण बाबांना असं निमंत्रण आयुष्यात मिळालं नव्हतं. ते खुर्चीतून उठले, मागे हात बांधले, आणि तंबूतल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सुरुवात केली. तंबू खचाखच भरलेला. पिंजऱ्यात मी आणि वाघ. वाघ स्टुलावर चढलेला. आणि फट्कन सगळे दिवे गेले. काळामिट्ट अंधार.

मास्तरणीनं रिकामी बादली फळीवर दाणकन आपटली. मैदानात बाईसाहेबांचे कान हलले. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि आपल्या चकचकीत बुटांपुढची फरशी झाडायला लागले. झाडता येत नव्हतं त्यांना, पण आवाज छान येत होता.

बाबा सांगत होते की बायका किंचाळताहेत, पोरं रडताहेत, आणि मी मात्र जागचा हललो नाही. बाईसाहेबांनी झाडाकडे पाठ केली. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. दाराशी आल्या, मान आत घातली, बाबांच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं, आणि सरळ आत चालत आल्या. चेंडूची वाटही बघितली नाही. वाटेत येऊन उभ्या राहिल्या आणि तो वाकडा, दुखरा पाय उचलून त्यांनी ठोकळ्यावर ठेवला.

मागे दार सताड उघडं होतं.

मास्तरणीची शिट्टी पहिल्या फुंकरीला वाजलीच नाही. दुसऱ्या फुंकरीला वाजली. तिनं नालबंदाला खूण केली. पकड खुराला लागली, कट्कन आवाज झाला, आणि नखाचा एक जाड पांढुरका तुकडा खिडकीतून खाली पडला. पाय हलला नाही. शिट्टी, गाजर. पुन्हा कट्कन. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसून नालबंदाला बोटानं दाखवत होत्या, इथे, आणि थोडं, आता बस. त्यांचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

आता अडचण बाबांची झाली. त्यांची गोष्ट संपत आली. दिवे आले, वाघ अजून स्टुलावरच, लोकांनी टाळ्यांनी तंबू डोक्यावर घेतला. घरी गोष्ट इथेच संपायची. पण खूर अजून अर्धाच झाला होता, आणि बाबांनी तोंड मिटलं तसे बाईसाहेबांचे कान टवकारले.

"थांबू नका," मास्तरीण वरून म्हणाली. "पुढे सांगा."

पुढे काय सांगणार? बाबांनी टाळ्या पुन्हा एकदा वाजवून घेतल्या. पुष्पगुच्छ दिले, मालकाला पाठ थोपटायला लावली. तेही संपलं. नालबंदानं पकड ठेवून कानस घेतली होती, खरखर सुरू झाली होती. बाबा त्या ठोकळ्यावरच्या पायाकडे बघत होते, आणि बोलणं तर भाग होतं. मग जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं तेच त्यांच्या तोंडी आलं. आवाज मोठाच होता, फक्त त्यातली ऐट गेली होती.

"लोक म्हणाले, काय वाघ शिकवलाय, अंधारातसुद्धा जागचा उठला नाही. अहो, त्याला अंधारातही दिसत होतं माझ्या हातात चाबूक आहे ते. म्हणून बसून होता. मग दार उघडलं, तसा जो सुटला तो मागे वळून बघितलं नाही त्यानं. कधीच नाही बघितलं. इतकी वर्षं रोज दार उघडायचं आणि रोज तो पळायचा." बाबा जरा थांबले, मग आठवण झाल्यासारखे पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "ही बाई गेली होती. दोनदा गेली होती. मग परत का आली गं?"

मास्तरणीच्या तोंडात शिट्टी होती. तिनं वडिलांकडे बघितलं आणि शिट्टी वाजवली, आणि बाईसाहेबांनी आपलं गाजर घेतलं.

नालबंदानं कानस खाली ठेवली. खुरावरून तळहात फिरवला, डॉक्टरीणबाईंकडे बघून मान हलवली. मास्तरणीनं लांब शिट्टी दिली. ही सुट्टीची शिट्टी, धडा संपला, आता तुम्ही मोकळ्या. बाईसाहेबांनी पाय ठोकळ्यावरून उतरवला आणि जमिनीवर ठेवला. सबंध खूर टेकला, कडेपासून कडेपर्यंत. त्यांनी त्यावर भार टाकून बघितला. मग मागे झाल्या, दारापर्यंत गेल्या, आणि त्या चालण्यात लंगडणं कितीतरी कमी झालेलं सगळ्यांना दिसलं. साहेब खराटा हातात घेऊन बघतच राहिले.

दारातून मात्र त्या बाहेर गेल्याच नाहीत. तिथेच वळल्या, डुलत डुलत परत वाटेत आल्या आणि उजवा पाय ठोकळ्यावर ठेवला. या पायाचं काही काम नव्हतं. तो कुणी मागितलाही नव्हता.

मास्तरीण हसायला लागली. इतकी हसली की तिला फळीचा कठडा धरावा लागला, आणि हसतानाच डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला ते लपवायचं नव्हतं. जिंकले मी, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. जिंकलो आम्ही दोघी. नालबंदानं खालून विचारलं, आता? ती म्हणाली, आता घासा थोडं, एवढ्या आल्यात तर.

डॉक्टरीणबाई उठल्या, भिंतीशी गेल्या आणि बंद केलेला फोन सुरू केला. भूल देणाऱ्या मंडळींचा नंबर लावला. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"उद्या येऊ नका," त्या म्हणाल्या. पलीकडून कुणीतरी काही विचारलं असावं, दबक्या, दुःखाच्या आवाजात, कारण डॉक्टरीणबाई घाईघाईनं म्हणाल्या, "नाही, नाही, तसं काही नाही. जिवंत आहे. उभी आहे माझ्यासमोर, गाजर खातेय. खूर कापून झाला." पलीकडून पुन्हा प्रश्न आला. डॉक्टरीणबाईंनी मास्तरणीकडे बघितलं.

"नाही, पकडली नाही," त्या म्हणाल्या. "तिनं पाय दिला."

ते त्यांना आणखी दोनदा सांगावं लागलं.